गवत कोण कापणार?

१८३१ साली बॉस्टनजवळ कायमचं निजायला १५ बाय २० फुटांची जागा ६० डॉलरला मिळत होती. म्हणजे ३०० चौरस फूट. आमच्या उमेदीच्या काळात ठाण्याला एवढ्या जागेत अख्खा संसार व्हायचा, लग्नाच्या बहिणी आणि म्हातारी आई धरून. पण माझं लक्ष जागेपेक्षा त्या ६० डॉलरकडे गेलं. हे पैसे एकदाच यायचे आणि जागा मात्र ‘कायमची’ विकलेली. तिथलं गवत दर उन्हाळ्यात वाढणार, खडीचा रस्ता दर वसंतात वाहून जाणार, झाडं म्हातारी होऊन पडणार. मग तो खर्च भागवायचा कशातून?

सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब तपासण्यात माझी हयात गेली, त्यामुळे असे प्रश्न पडतात. सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या खर्चासाठी साठवायची गंगाजळी) किती, तो खरोखर बँकेत आहे की अध्यक्षांनी गेटवरच्या कमानीत घातला, थकबाकीदार किती, मयत सभासदाचा फ्लॅट वारसांच्या नावावर झाला का, हेच आयुष्यभर विचारत आलो. हल्ली लेकीकडे बॉस्टनला मुक्काम असतो तेव्हा सकाळी फिरायला माउंट ऑबर्नला जातो. केंब्रिजच्या सीमेवरची ही १७५ एकरांची दफनभूमी. टेकड्या, तळी, हजारो झाडं, आणि त्यांच्यामध्ये लाखभर माणसं निजलेली. मे महिन्यात पक्षी बघणारे गळ्यात दुर्बिणी अडकवून इतके येतात की थडग्यांकडे कुणाचं लक्षही नसतं. अक्काला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अरे, स्मशानात कसला फिरायला जातोस? घरी आल्यावर अंघोळ तरी करतोस ना?” करतो म्हटलं. खोटं कशाला बोला, घाम आलेला असतोच.

एकोणिसाव्या शतकातल्या या बागांवर लिहिणारे लोक सहसा सौंदर्याबद्दल लिहितात. मृत्यूकडे बघण्याची बदललेली दृष्टी, निसर्गाचं आकर्षण, वळणावळणाचे रस्ते वगैरे. ते सगळं खरं आहे. पण मला या जागांची खरी गोष्ट हिशेबाच्या वहीत दिसते. माणसांनी इथे एक वचन विकलं, आणि ते वचन पाळायला किती पैसे लागतात हे कळायला त्यांना जवळजवळ अर्धं शतक लागलं.

सुरुवात केली ती एका डॉक्टरने. जेकब बिगेलो हा हार्वर्डमधला वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. बॉस्टनमधल्या चर्चखालच्या तळघरांत आणि गावातल्या जुन्या दफनभूमींत मुडद्यावर मुडदा पुरलेला होता. त्या काळी रोग दुर्गंधीतून पसरतात अशी समजूत होती, त्यामुळे वैद्य मंडळी अस्वस्थ होती. १८२५ मध्ये बिगेलोने आपल्या घरी काही प्रतिष्ठितांना बोलावून गावाबाहेर दफनभूमी काढायची कल्पना मांडली. पॅरिसमध्ये १८०४ सालापासून पेर लाशेझ ही दफनभूमी होती, तो नमुना डोळ्यांसमोर होता. पण जमीन मिळेना, माणसं जुळेनात, आणि सहा वर्षं अशीच गेली. शेवटी मदतीला आली नव्याने स्थापन झालेली मॅसॅच्युसेट्स हॉर्टिकल्चरल सोसायटी. या बागायत मंडळींना प्रयोगासाठी बाग हवी होती, पण पैसे नव्हते. बिगेलोला दफनभूमी हवी होती, पण संस्था नव्हती. दोघांनी मिळून जॉर्ज ब्रिमर नावाच्या गृहस्थाकडून ७२ एकरांचं रान ६,००० डॉलरला घेतलं. हार्वर्डची पोरं या रानात भटकायला येत आणि त्याला लाडाने ‘स्वीट ऑबर्न’ म्हणत. २४ सप्टेंबर १८३१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांच्या भाषणाने जागेचं लोकार्पण झालं. त्यांची दहा वर्षांची मुलगी त्याच वर्षी मे महिन्यात गेली होती. ते भाषण औपचारिक वाटत नाही याचं कारण हेच असावं.

हेन्री डिअरबॉर्न या सोसायटीच्या अध्यक्षाने अलेक्झांडर वॉड्सवर्थ या इंजिनिअरला हाताशी धरून रस्ते आखले. टेकडीच्या चढाला न दुखवता, पाण्याच्या उताराबरोबर जाणारे हे रस्ते आजही तसेच आहेत. त्यांना नावं दिली झाडाफुलांची: बीच अव्हेन्यू, सायप्रस अव्हेन्यू, व्हायोलेट पाथ. घोडागाडी जाईल तो अव्हेन्यू आणि पायी चालायचा तो पाथ. डिअरबॉर्नने स्वतःच्या रोपवाटिकेतली झाडं आणून लावली. त्या झाडांचं बिल त्याने लावलं की नाही हे कुठे माझ्या वाचनात आलं नाही, पण असे अध्यक्ष मी तरी पाहिलेले नाहीत.

मग चार वर्षांत भांडण. प्लॉट खपायला लागले आणि पैसा कुणाचा हा प्रश्न उभा राहिला. प्लॉट घेणारे म्हणाले, आमचे पैसे आमच्या मेलेल्या माणसांच्या जागेवर खर्च करा, गुलाबाच्या प्रयोगांवर नको. १८३५ मध्ये दोघं वेगळे झाले. माउंट ऑबर्नच्या प्लॉटधारकांची स्वतंत्र संस्था झाली, आणि बागायत सोसायटीला प्लॉटविक्रीतला चौथा हिस्सा मिळत राहील असं ठरलं. त्या पैशांनी सोसायटीने पुढे बॉस्टनमध्ये आपला हॉल बांधला, १८४५ साली एक आणि १८६५ साली त्याहून मोठा दुसरा. प्रयोगाची बाग मात्र बंद पडली आणि तिच्या जागेवर प्लॉट पडले. वाटणीच्या कागदात पाव हिस्सा कायमचा लिहून देणारा वकील कोण होता ते शोधून त्याच्या थडग्यापुढे टोपी काढावी असं मला कितीदा वाटलं आहे. चौथा हिस्सा असा बाहेर जात असताना उरलेल्या तीन हिश्शांत पहारेकरी, माळी, खणणारे, रस्ते, कुंपण आणि इमारती हे सगळं बसवायचं होतं.

आणि इमारती तर हव्याच होत्या. बिगेलोने इजिप्तच्या देवळासारखं प्रवेशद्वार स्वतः काढलं. १८३२ मध्ये बांधलं ते लाकडाचं, पण रंगात वाळू मिसळून ग्रॅनाइटसारखं दिसेल असं. दगडाला पैसे नव्हते. ते दहाएक वर्षांनी, १८४२ च्या सुमारास, खऱ्या ग्रॅनाइटमध्ये पुन्हा उभं राहिलं. त्यानंतर त्याने चॅपल बांधलं, त्याचा दगड नीट निघाला नाही म्हणून ते १८५० च्या दशकात पुन्हा बांधावं लागलं. मग सर्वांत उंच टेकडीवर ६२ फुटांचा बुरूज. १८४५ ते १८७१ बिगेलो अध्यक्ष होता, म्हणजे डॉक्टर, वनस्पतिशास्त्रज्ञ, वास्तुशिल्पी आणि अध्यक्ष असा चारी ठाव. शेवटी १८७२ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ त्याने स्फिंक्सचा पुतळा बसवला, पण तो स्वतःच्या खर्चाने. तोवर त्याची दृष्टी गेली होती आणि त्याने स्फिंक्स हातांनी चाचपून पाहिला असं सांगतात. एवढं ऐकल्यावर त्याच्या कमानीवर आक्षेप घ्यायचा माझा धीर होत नाही.

रोजचा कारभार कसा चाले, हे मला त्यांच्या नियमांवरून कळलं. नियम वाचावेत तर असे, कारण नियम म्हणजे आधी घडून गेलेल्या उपद्रवांची यादी. घोडा चालीपेक्षा वेगाने हाकू नये. घोडा झाडाला बांधू नये, त्यासाठी खांब आहेत. रानफूल असो की लावलेलं, तोडू नये. बंदूक उडवू नये. खाद्यपदार्थ आत आणू नयेत. गाडी आत न्यायची तर प्लॉटधारकाला दिलेलं तिकीट दाखवावं. रविवारी आणि सुटीच्या दिवशी फक्त प्लॉटधारकांना प्रवेश. झाडाची किंवा स्मारकाची नासधूस केली तर ५ ते ५० डॉलर दंड, आणि तो कायद्यातच लिहिलेला. ५० डॉलर म्हणजे जवळजवळ एका प्लॉटची किंमत.

हे नियम लागले, कारण लोकांनी या जागांचा ताबाच घेतला होता. शहरात सार्वजनिक उद्यानं फारशी नव्हती. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क व्हायला अजून वेळ होता. त्यामुळे झाडाखाली बसायचं तर दफनभूमीत. अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग या बागरचनाकाराने १८४९ मध्ये लिहून ठेवलंय की आदल्या वर्षी एप्रिल ते डिसेंबर या काळात फिलाडेल्फियाच्या लॉरेल हिल दफनभूमीला जवळजवळ ३०,००० लोकांनी भेट दिली. त्याचं म्हणणं होतं, लोकांना बागा हव्यात, त्या द्या. ते बरोबरच होतं. पण या ३०,००० लोकांपैकी देखभालीला पैसे देणारे किती? मोजक्या सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या सोसायटीच्या गच्चीवर सगळ्या गावाने पतंग उडवायला यावं, तशी ही स्थिती होती.

आत काम करणारी माणसं थोडी होती आणि त्यांना दम खायला फुरसत नव्हती. वर एक सुपरिटेंडेंट, फाटकावर एक माणूस, आणि बाकी मजूर. हिवाळ्यात जमीन गोठून दगड होते, तेव्हा खणता येत नसे. शवपेट्या एका तात्पुरत्या तळघरात ठेवायच्या आणि बर्फ वितळल्यावर पुरायच्या. म्हणजे वसंत ऋतूत एकीकडे साठलेले दफनविधी आणि दुसरीकडे पाण्याने वाहून गेलेली खडी. त्यानंतर लगेच गवत. हे गवत लांब दांड्याच्या विळ्याने कापायचं, तेही थडग्यांच्या मधून. त्यात नवी कबर खचते, तिच्यावर पुन्हा माती घालावी लागते. थंडीने जमीन फुगते आणि उथळ पायाचे दगड कलतात. त्या काळात सगळ्यांना पांढरा संगमरवर हवा असे, आणि संगमरवराला तिथली हवा सोसत नाही. आज माउंट ऑबर्नमध्ये त्या काळच्या कित्येक दगडांवरची अक्षरं बोटांनाही लागत नाहीत, शेजारचा नंतरचा ग्रॅनाइट मात्र नव्यासारखा आहे.

पण देखभालीचा सगळ्यांत मोठा शत्रू होता सभासद. माझ्या अनुभवात तर तो नेहमीच असतो. ज्याने प्लॉट घेतला त्याला वाटे, ही माझी मालमत्ता. त्याने लगेच चोहीकडून लोखंडी कठडा ठोकला, त्याला नक्षीचं फाटक, फाटकावर घराण्याचं नाव. शेजाऱ्याने त्याहून उंच ठोकला. कुणी दगडी काठ बांधला, कुणी झुडपांची दाट वई लावली. पहिल्या पिढीने त्या कठड्याला दरवर्षी रंग दिला. दुसरी पिढी शिकागोला गेली. तिसरीला प्लॉट आहे हेच माहीत नाही. लोखंड गंजतं, वई माजते, आणि प्रत्येक कठड्याच्या आत कापायचं राहून गेलेलं गुडघाभर गवत. कठडा माझा म्हणून संस्थेचा माळी आत शिरायचा नाही, आणि मालक तर नाहीच. प्लॉटची वाटणी करता येत नसे. सात वारस असले तरी प्लॉट एक, आणि त्यांच्यातला एक प्रतिनिधी ठरवायचा. सात वारसांचा एक फ्लॅट ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. डाउनिंगने या लोखंडी सामानावर यथेच्छ तोंडसुख घेतलं आहे. इंग्लंडमध्ये जॉन क्लॉडियस लाउडन या बागायततज्ज्ञाने १८४३ मध्ये दफनभूमींची आखणी, लागवड आणि व्यवस्थापन यांवर पुस्तकच लिहिलं. पण हे दोघे लिहिणारे. प्रत्यक्ष कठड्याला हात घालायला वेगळं माणूस लागतं.

ते माणूस सिनसिनाटीत निघालं. अडॉल्फ श्ट्राउख, जन्म १८२२, प्रशियाच्या सायलेशियातला. माळीकाम शिकला ते व्हिएन्नाच्या राजवाड्यांच्या बागांत. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी तो लंडनच्या एका बागेत कामाला होता, तिथे त्याची सिनसिनाटीच्या एका धनिकाशी ओळख झाली. पुढे अमेरिकेत आल्यावर प्रवासात सिनसिनाटीला त्याची पुढची गाडी चुकली आणि तो त्या धनिकाला भेटायला गेला तो तिथलाच झाला. तिथल्या स्प्रिंग ग्रोव्ह दफनभूमीत (ही १८४५ ची) १८५५ पासून त्याने काम हाती घेतलं, आणि काही वर्षांत तो सुपरिटेंडेंट झाला. त्याने आधी सखल दलदलीचा भाग घेतला. तिथलं पाणी काढून तळी केली. मग सभासदांकडे वळला.

त्याचा कार्यक्रम कोणत्याही वार्षिक सभेत आरडाओरडा होईल असाच होता. कठडे काढा. वया उपटा. एका प्लॉटमध्ये स्मारक एकच, बाकीचे दगड जमिनीलगत बुटके. थडग्यांचे उंचवटे सपाट करा. झाड लावायचं असेल तर आधी परवानगी. आणि प्लॉटमध्ये काम करणार संस्थेचे माळी, बाहेरचा माणूस आणायचा नाही. लोक चिडले. आपल्या आईच्या थडग्याभोवतीचा कठडा काढा असं एका परक्या माळ्याने सांगावं म्हणजे काय! पण विश्वस्त त्याच्या पाठीशी उभे राहिले. हे वाक्य मी दोनदा वाचलं. अध्यक्ष आणि समिती मॅनेजरच्या पाठीशी उभी राहिली, सभासदांच्या विरोधात, आणि तरी निवडून आली!

त्याचा फायदा दिसायला वेळ लागला नाही. मोकळी हिरवळ, तिच्यावर झाडांचे गट, मध्ये तळ्याचं पाणी. लोकांना ते आवडलं. पण माझ्या मते खरी गोम हिरवळीच्या देखणेपणात नाही. इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने १८३० मध्ये गवत कापायचं यंत्र काढलं होतं, आणि यादवी युद्धानंतर अमेरिकेतही असली यंत्रं सर्रास मिळू लागली. हे यंत्र कठड्यांच्या जंगलात चालत नाही. मोकळ्या, सपाट हिरवळीवर मात्र एक माणूस दिवसभरात विळेवाल्यांच्या टोळीएवढं काम करतो. श्ट्राउखने कला म्हणून जे केलं ते पुढच्यांनी काटकसर म्हणून उचललं, आणि चाळीसेक वर्षांत अमेरिकेतल्या बहुतेक नव्या दफनभूमी तशाच झाल्या. तो १८८३ मध्ये गेला. स्प्रिंग ग्रोव्हच्या तळ्यातल्या एका बेटावर त्याला पुरलंय. १८८७ मध्ये अमेरिकेतल्या दफनभूमींच्या सुपरिटेंडेंटांनी आपली देशव्यापी संघटना काढली ती सिनसिनाटीतच. तोवर हा एक पेशा झाला होता.

आता पैशांकडे येतो, म्हणजे माझ्या विषयाकडे.

प्लॉट विकून आलेल्या पैशांत दफनभूमी चालवणं म्हणजे मुद्दल खाणं. जोवर नवे प्लॉट विकले जातात तोवर कुणाला कळत नाही, कारण या वर्षीच्या विक्रीतून गेल्या पिढीचं गवत कापलं जातं. ज्या दिवशी शेवटचा प्लॉट विकला जातो त्या दिवशी उत्पन्न शून्य आणि गवत पूर्ण. माउंट ऑबर्नच्या सनदेत देणग्या विश्वस्त निधी म्हणून ठेवून त्यांच्या उत्पन्नातून प्लॉटची देखभाल करायची सोय सुरुवातीपासून होती, पण ती ऐच्छिक. ऐच्छिक सिंकिंग फंडात किती पैसे जमतात ते मी सांगू शकतो. हळूहळू संस्थांना कळलं की हे ऐच्छिक ठेवून चालणार नाही. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘पर्पेच्युअल केअर’, म्हणजे कायम देखभालीचा निधी, प्लॉटच्या किमतीतच धरायची पद्धत रुळली. मुद्दल गुंतवायचं, त्याला हात लावायचा नाही, व्याजातून गवत कापायचं. जुन्या प्लॉटधारकांनाही एकरकमी भरून यात यायचं आवाहन करायचं. ज्यांनी भरलं त्यांचा प्लॉट हिरवा आणि शेजारचा रानटी, असं चित्र काही वर्षं दिसे.

यात कायद्याची एक गंमत आहे. इंग्रजी कायद्याला कायमपणाचा तिटकारा. एका माणसाने मरताना ‘माझं थडगं अनंतकाळ साफ ठेवा’ म्हणून पैसे बांधून ठेवले, तर न्यायालय म्हणणार, हे धर्मादाय काम नव्हे, मेलेल्यांनी जिवंतांचा पैसा अडवून ठेवू नये. तर्क म्हणून हे मला पटतं. पण अमेरिकेतल्या राज्यांनी कायदे करून दफनभूमींना या निधीची मुभा दिली. इंग्लंडमध्ये मात्र बऱ्याच दफनभूमी भागधारकांच्या कंपन्या होत्या, आणि भागधारकाला लाभांश हवा असतो, निधी नको असतो.

परिणाम लंडनमध्ये जाऊन बघावा. हायगेट ही दफनभूमी १८३९ ची, कार्ल मार्क्स निजलाय ती. तिथे कंपनीचे प्लॉट संपत आले, माणसं कमी केली गेली, सिकॅमोरची झाडं आणि आयव्हीचे वेल वाढत गेले, आणि १९७५ मध्ये जुन्या भागाची फाटकं बंद झाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या मित्रमंडळाने जागा सावरली. आता तिथे आत जायला तिकीट आहे, म्हणजे एकोणिसाव्या शतकात जे फुकट बघायला येत होते त्यांच्या पणतवंडांकडून वसुली झाली म्हणायची. अ‍ॅबनी पार्क या तिथल्याच दुसऱ्या दफनभूमीत तर १८४० साली लॉडिजेस या रोपवाटिकेने २,५०० जातींची झाडंझुडपं इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने लावली होती, प्रत्येकाला नावाची पाटी. १९७० च्या दशकात तिथली कंपनी बुडाली आणि रान माजलेली जागा शेवटी नगरपालिकेच्या गळ्यात पडली.

कंपनी नसली म्हणजे सगळं ठीक असंही नाही. फिलाडेल्फियात माउंट मोरिया नावाची १८५५ ची मोठी दफनभूमी आहे. तिच्या संस्थेचा शेवटचा ज्ञात सभासद २००४ मध्ये वारला. २०११ मध्ये फाटक बंद झालं तेव्हा कळलं की एवढ्या जमिनीला कायदेशीर मालकच उरलेला नाही. झाडीत दगड दिसेनासे झाले होते. मग शेजारपाजारच्या लोकांनी मंडळ काढलं आणि ते आपापली यंत्रं घेऊन साफ करायला लागले. सगळे सभासद मयत अशी सोसायटी मी कधी तपासली नाही, पण त्या दिशेने निघालेल्या दोनतीन बघितल्या आहेत.

मुंबईलाही हा खेळ झालाय, उलट्या पटावर. शिवडीला अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाची बाग होती. १८६५ मध्ये म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी (हो, मार्केटवाले) ती जागा युरोपीय लोकांच्या दफनभूमीसाठी घेतली. बॉस्टनप्रमाणे इथेही बागायत मंडळींची बाग गेली आणि तिथे थडगी आली. मंडळींना मात्र भायखळ्याला दुसरी बाग मिळाली होती, १८६२ मध्ये लोकांसाठी उघडलेली व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजे आपली राणीची बाग. तीही पुढे म्युनिसिपालिटीकडेच गेली. पिंजऱ्यापुढे उभं राहून शेंगा खाताना आपण बागायतदारांच्या एका फसलेल्या हिशेबावर उभे आहोत हे लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं.

आणि आनंदीबाई. डॉक्टर आनंदीबाई जोशींची कहाणी मी मराठी वाचकाला सांगू नये. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, बावीस वर्षांच्याही पुऱ्या नव्हत्या. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेला पाठवल्या, ज्यांना आनंदीबाई मावशी म्हणत त्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे. मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीच्या दफनभूमीत, आपल्या कुटुंबाच्या प्लॉटमध्ये पुरल्या. अस्थी नदीत सोडल्या की आपल्याकडे खातं बंद, देखभाल खर्च शून्य. ऑडिटरच्या दृष्टीने याहून आदर्श व्यवस्था नाही. गोपाळरावांनी ते न करता साता समुद्रांपलीकडच्या एका बाईवर हे काम का सोपवलं, यावर घरी आमची बरीच चर्चा झाली. जावई म्हणाला, बघूनच येऊ.

पकिप्सी हडसन नदीच्या काठी आहे. तिथली दफनभूमीही याच बागांच्या लाटेतली. १८५० मध्ये गावातले मद्य-उत्पादक मॅथ्यू व्हासार (यांचंच पुढे व्हासार कॉलेज) यांच्या समितीने आधी एक शेत निवडलं, व्हासारनी ते घेतलंही, पण लोकांनी वर्गणीच दिली नाही. मग त्या शेतात व्हासारनी डाउनिंगकडून स्वतःसाठी बाग करून घेतली, आणि दफनभूमी दोनतीन वर्षांत नदीकाठच्या दुसऱ्या जागी झाली. शेवटी व्हासारनाही तिथेच जावं लागलं. या दफनभूमीला आधार होता न्यूयॉर्क राज्याच्या १८४७ च्या कायद्याचा, आणि हा कायदा मला फार आवडतो. दफनभूमी चालवणारी संस्था नफा वाटणार नाही. प्लॉटच्या पैशांतला निदान अर्धा भाग आधी जमिनीची किंमत फेडायला. उरलेला जागा राखायला आणि सुधारायला, दुसरीकडे कुठेही नाही. चौथा हिस्सा गुलाबवाल्यांना, असली भानगड नाही.

उंच झाडांखाली मावशींच्या माणसांच्या ओळीत तो दगड आहे. नाव, एम.डी. ही पदवी, १८६५ ते १८८७, आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर. आमच्या हिने चप्पल काढून नमस्कार केला. मी सवयीने आजूबाजूला पाहिलं. कठडा नाही, वई नाही, गवत दगडाच्या कडेपर्यंत नीट कापलेलं. तिला म्हटलं, बघ, हा प्लॉट आनंदीबाईंचा नाही, कार्पेंटरांच्या घराण्याचा आहे. आनंदीबाईंसाठी वेगळी जागा घेतली असती तर तिसऱ्या पिढीत विचारायला कुणी उरलं नसतं. कुटुंबाच्या प्लॉटमध्ये आहे म्हणून यंत्र एका फेरीत सगळ्यांवरून जातं.

“म्हणजे अजून मावशीच सांभाळतेय तिला,” ती म्हणाली.

“मावशी आणि मुद्दलावरचं व्याज,” मी म्हटलं.

तिने चपला घातल्या. जावई म्हणाला, बाबा, पाच वाजायच्या आत हायवेला लागायला हवं.